कोरमचा सोळावा माणूस

निवडून आल्यापासून आठ महिन्यांत मी सभागृहात चार वाक्यं बोललो होतो. त्यातली तीन 'होय' अशी होती आणि चौथं, 'अध्यक्ष महोदया, माझा माईक चालत नाही.' तेही कुणाला ऐकू गेलं नाही, कारण माईक खरोखरच चालत नव्हता.

बाकी माझं संसदीय कार्य म्हणजे बसणं. आमचं सभागृह त्रेसष्ट जणांचं. कामकाज चालायला अध्यक्षांना सोडून सोळा डोकी लागतात, तोच कोरम. मंत्र्यांना बैठका असतात, जुन्या खोडांना आपापले धंदे असतात, आणि राजधानीच्या, किंग्स्टनच्या दुपारी जेवण झाल्यावर कुणाला पुन्हा आत यावंसं वाटत नाही. उरतो आम्ही, मागच्या बाकावरचे नवे. आमच्या पक्षाचे प्रतोद ग्लॅडस्टन पिनॉक दर मंगळवारी मला दाराशीच गाठायचे. "मास्तर, आज जेवायला लांब जाऊ नका हं. तुम्ही सोळावे आहात." एकदा तर मी संडासात असताना त्यांनी दार बडवलं होतं. "आवरा मास्तर, पंधरावर अडलंय!" बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आणि म्हातारपणी स्वतःच हजेरीतला एक आकडा होऊन बसलो.

मी स्मॉल मर्सीच्या शाळेचा हेडमास्तर हिबर्ट. राजकारणात येण्याचं मला काही नडलं नव्हतं. पक्षाला एक स्वच्छ माणूस हवा होता आणि मला एक पूल हवा होता, एवढ्यावर सोयरीक जमली. शाळा, दवाखाना, बाजार सगळं कटलास नदीच्या अलीकडे आणि गाव पलीकडे. मधे दगड टाकलेले, वर दोर बांधलेला. एरवी पाणी गुडघाभर. पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली लख्ख ऊन असतानाही नदी लाल होऊन येते आणि मग कुणाचं ऐकत नाही. चौदा वर्षांपूर्वी खेळांच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलांना पलीकडे नेत होतो, तेव्हा ती अशीच आली. मिस आयसिल्डांची नात नॅटोया नऊ वर्षांची होती. ती तिसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी, समुद्रापाशी सापडली.

तेव्हापासून मी मोजतो. अलीकडे किती, पलीकडे किती. मुलं मोजतो, प्रार्थनेला आलेली माणसं मोजतो, बसमधली मोजतो. बायको म्हणायची, तुम्ही स्वर्गात गेलात तरी देवदूतांची हजेरी घ्याल. ती गेली आणि घरात मोजायला मी एकटाच उरलो.

पुलाची पत्रं मी हेडमास्तर असल्यापासून लिहीत होतो. निवडून आल्यावर बांधकाम मंत्री वेडरबर्न यांना चहाच्या खोलीत गाठलं. माणूस वाईट नाही. घाईत असतो, एवढंच.

"मास्तर, पत्रं नका हो पाठवू," ते म्हणाले. "पत्रांनी माझी दोन कपाटं भरलीत. मतदारसंघाच्या चर्चेत तुमची पाळी येईल ना, तेव्हा उभे राहा, पुलाचं नाव घ्या आणि माझ्याकडे बघा. मी जागेवरून उठून 'मान्य' म्हणतो. एकदा ते इतिवृत्तात छापून आलं की अर्थखात्याचा बापसुद्धा पूल कामांच्या यादीतून काढू शकत नाही. पण या महिन्यात हं. महिनाअखेरीला यादी बंद."

ही मतदारसंघाची चर्चा म्हणजे आम्हा मागच्या बाकवाल्यांची वर्षातली दिवाळी. वर्षातून एकदा प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. आपापल्या भागातले खड्डे, नळ, शाळा, काय ते बोला. ऐकायला कुणी थांबत नाही आणि थांबावं असं कुणी म्हणतही नाही. कोरम केव्हाच गेलेला असतो, पण त्याकडे बघायचं नाही ही रीत आहे. पिनॉकनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दुसऱ्याच्या भाषणात डुलकी लागली तरी चालेल मास्तर, पण डोकी मोजायची नाहीत. आकडा एकदा बोलला गेला की अध्यक्षांना घंटा वाजवावीच लागते. आज तुम्ही त्याचा गळा घोटलात, उद्या तो तुमचा घोटेल."

माझी पाळी दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी आली. पुढचा मंगळवार नव्या महिन्यात होता.

गावाला हे कळलं आणि गावाने बस केली. तेवीस माणसं आली, चर्चला घालतात ते कपडे घालून. पुढे मिस आयसिल्डा, वय एक्क्याऐंशी, डोक्यावर जांभळी हॅट, हातात पाकीट आणि पाकिटात नॅटोयाचा फोटो, हे मला न बघताही माहीत होतं. मागून मास अल्फी (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'मास' म्हणतात), ज्यांच्या केळीच्या बागेतून दोर बांधलेला आहे. ते दारातच माझ्या कोटाला लटकले.

"मास्तर, माझं नाव घेशील ना रे? फ्लोरिडातून लेक फोनवर बघणार आहे. म्हटलंय तिला, बापाचं नाव आज राजधानीत गाजणार."

"आणि माझं?" मागून कुणीतरी.

"त्याचं घेतलं तर माझंही घ्यायला लागेल. दोराची गाठ कोण बांधतं?"

आमच्याकडे भाषणाची सुरुवात आभारांनी होते. देवाचे, पक्षाचे, घरच्यांचे, मतदारांचे. त्याशिवाय माणूस उर्मट ठरतो. मी म्हटलं, घेतो, सगळ्यांची घेतो. तेवीस नावं घ्यायला कितीसा वेळ लागणार होता! लोकांनी उन्हातान्हात दोन तास बसमध्ये काढले होते.

सरकारचं विधेयक साडेतीनला मंजूर झालं आणि अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो तेव्हा आत एकोणीस जण होते. हो, मोजले होते. मनात. वेडरबर्न पुढच्या बाकावर बसून होते. त्यांनी वळून मला अंगठा दाखवला. मी वर गॅलरीकडे पाहिलं आणि आभार मानायला लागलो.

देवाचे झाले. पक्षाचे झाले. मग गाव. मी नाव घ्यायचो आणि वर ते माणूस खुर्चीत ताठ व्हायचं. मास अल्फींचं घेतल्यावर ते उठून उभेच राहिले, रक्षकाने खांद्याला धरून खाली बसवलं. मलाही गोड वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू! आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा आवाज त्या छतापर्यंत जात होता. पण वर एकेक माणूस ताठ होत होतं, तसं खाली एकेक माणूस उठून जात होतं. एक पाणी प्यायला, दोघं चहाला, समोरच्या बाजूचे तिघं एकत्र.

अठराव्या नावाला वेडरबर्नचा फोन थरथरला. त्यांनी तो पाहिला, उठले, माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं, आणि बाहेर गेले.

आता पंचाईत अशी की ते येईपर्यंत पुलाचं नाव घेऊन उपयोग नव्हता. 'मान्य' म्हणायला माणूसच नाही तर मागायचं कुणाकडे? मी उरलेली पाच नावं सावकाश घेतली. तरी ते आले नाहीत. मग मी नदीची गोष्ट सुरू केली. ती कागदावर शेवटी होती, ती पुढे ओढली. दार डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत मी म्हणालो, "अध्यक्ष महोदया, चौदा वर्षांपूर्वी त्या दुपारी नदीच्या अलीकडे एकोणीस मुलं होती. मी स्वतः मोजली होती. पलीकडे गेल्यावर मी पुन्हा मोजली. अठरा होती."

वर मिस आयसिल्डा कठड्याला धरून पुढे वाकल्या.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी नजर खाली आणली आणि समोर बाक होते, हिरवे, रिकामे, आणि बत्तीस वर्षांची सवय डोळ्यांत आपोआप सुरू झाली. दोन, तीन, पाच, आठ. मला धरून अकरा.

"अकरा," मी म्हणालो. "अध्यक्ष महोदया, इथे अकराच आहेत."

सभागृहात एकदम जाग आली. समोरचा एक जुना सदस्य झोपला होता तोही डोळे उघडून बसला.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या माझ्या बायकोच्या वयाच्या, आणि मला वाटतं त्यांना माझी कीव आली असावी. "सन्माननीय सदस्य," त्या हळू म्हणाल्या, "आपण कोरमकडे लक्ष वेधत आहात, असं मी समजायचं का?"

"नाही, नाही! मी नुसतं मोजलं."

"मोजलं म्हणजेच वेधलं की!" समोरचा म्हातारा आनंदाने ओरडला. "आकडा माईकवर आलाय, अध्यक्ष महोदया! यांचा माईक आज चालतोय!"

सचिव उठून अध्यक्षांच्या कानाशी लागले. त्यांनी मान हलवली. घंटा वाजायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी भर सभागृहात, माईकवर, गावासमोर करून दाखवलं होतं.

कोरम जमवायला पाच मिनिटं मिळतात. मी हातातले कागद तसेच घेऊन लॉबीत धावलो. पिनॉक तिथे पॅटी खात उभे होते.

"अहो मास्तर, जगात पहिला माणूस बघितला, स्वतःच्याच भाषणाचा कोरम मोडणारा!"

"पाच माणसं द्या मला, पिनॉक. पाया पडतो."

"पाया नका पडू, पळा. तुम्ही जिन्याकडे, मी मागच्या फाटकाकडे."

पिनॉक स्वतः एक. जिन्यात दुसरा सापडला. चहाच्या खोलीतून एकाला अक्षरशः कपासकट आणलं. पिनॉकनी फाटकातून एकीला गाडीतून उतरवून आणलं, त्या बाई वाटभर मला शिव्या घालत होत्या. वेडरबर्नना मी फोन लावला. मागे गाड्यांचे हॉर्न.

"मास्तर, वरून बोलावणं आलं हो. मी निघालो. तुम्ही पूल बोललात का?"

"तुम्ही परत या! कोरम नाहीये. फक्त एक माणूस कमी आहे!"

"कोरम? कोरम काढला कुणी?"

"मीच. चुकून."

"अरे देवा," ते म्हणाले. "मी पाच मिनिटांत नाही पोचत, मास्तर. गाड्या हलतच नाहीयेत."

आम्ही आत गेलो. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा तर बोट दाखवत, इतकं सावकाश की कुणीतरी दारातून येईल म्हणून त्या वेळ काढत होत्या हे मला कळत होतं. पंधरा. आठ महिने दुसऱ्यांच्या कामाला मी सोळावा असायचो. आज मला धरूनच पंधरा होते. सभागृह पुढच्या मंगळवारपर्यंत तहकूब झालं.

"उरलेलं लिहून दिलं तर छापतील का?" मी पिनॉकना विचारलं.

"बोललेलंच छापतात, मास्तर. आणि अर्धवट राहिलेल्याची पाळी गेली. यादीत आता पुढचा."

म्हणजे इतिवृत्तात देव होता, पक्ष होता, तेवीस माणसांची नावं होती, एकोणीस, अठरा आणि अकरा हे आकडे होते. पूल हा शब्द कुठेही नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर गाव उभं होतं, खुशीत. मास अल्फींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "वा रे मास्तर! काय खणखणीत घेतलंस नाव! लेकीचा फोन आला, रडत होती पोरगी. आणि शेवटी तर घंटा वाजवली तुझ्यासाठी! कितीतरी लोक धावत आले!"

मिस आयसिल्डा पायऱ्यांवर थांबल्या नाहीत. बसमध्ये जाऊन खिडकीपाशी बसल्या.

बसमध्ये डबे उघडले. भात, कोंबडी, तळलेली बॅमीची भाकरी, आल्याचं सरबत. बायकांनी भजनं म्हटली. मला घास जाईना. डोंगर सुरू झाला तेव्हा मी उठलो, पुढे जाऊन दांडा धरून उभा राहिलो आणि सांगून टाकलं. घंटा कशाची होती ते, आकडा कुणी बोलला ते, आणि पूल या वर्षी होणार नाही ते.

एकेक करून डब्यांची झाकणं लागली.

"म्हणजे, आमची नावं घेतली नसतीस, तर?" शेवटी मास अल्फी म्हणाले.

"तर वेडरबर्न बसले होते तेव्हा पूल बोलून झाला असता."

"मग सांगायचंस ना आधी! मी काय नावावाचून मेलो असतो का?" आणि मग त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं, ते नदी येईपर्यंत फिरवलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

नदीपाशी बस थांबली. दिवस मावळायला टेकला होता. पाणी गुडघ्याच्या थोडं वर, पण स्वच्छ. लोकांनी चर्चचे बूट काढून गळ्यात अडकवले आणि दोर धरला. मी काठावर माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. बसमधून उतरताना तेवीस मोजले होते. ते एकेक करून गेले, पलीकडे चढले, पाय झटकले. मी मोजले. बावीस.

मी पुन्हा मोजले. बावीस.

"इकडे बघ," मागून आवाज आला. "मी इथेच आहे."

मिस आयसिल्डा माझ्यामागे दगडावर बसल्या होत्या, हॅट मांडीवर ठेवून. मीही शेजारी बसलो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तिथे तू म्हणालास, 'मी मोजली होती.'"

"हो."

"मोजली नव्हतीस."

चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चौकशीत नाही, चर्चमध्ये नाही, बायकोनेही नाही. प्रत्येक वेळी मी तेच सांगत आलो होतो, अलीकडे एकोणीस, पलीकडे अठरा, आणि माणसं मान हलवायची, की बघा, मास्तर बिचारा मोजत होता.

"नाही," मी म्हणालो. "वर ढग दिसले होते. मला घाई झाली होती. मोठ्यांनी लहानांचे हात धरा म्हटलं आणि निघालो. पलीकडे पोचल्यावर मोजली, अठरा भरली. पण किती पैकी अठरा, तेच मला माहीत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, मिस आयसिल्डा. किती वेळ कुणास ठाऊक. कमी आहे की बरोबर आहे, तेच कळेना. एकोणीस मला दुसऱ्या दिवशी हजेरीपटातून कळलं."

"ठाऊक आहे. त्या दिवशी पलीकडे पोचलेल्या पोरांनी सांगितलं मला. नॅटोयाही नेहमी सांगायची, आज मास्तरने मोजलं, आज नाही मोजलं. कधी मोजायचास, कधी नाही. पोरांना सगळं दिसतं."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? आणि मत का दिलंत मला?"

"दुसरा उभा होता त्याला नदी कुठे आहे तेच माहीत नव्हतं." त्या थोड्या हसल्या, मग हसू गेलं. "आणि त्या दिवसानंतर तू एकदाही चुकला नाहीस. मी बघत होते ना रोज, वरच्या अंगणातून. म्हटलं, हा आता जन्मभर मोजणार. याला बोलून आणखी काय देऊ? पण मोजून पोर परत येत नाही, मास्तर, आणि मोजून पूलही होत नाही. आज तुझ्या तोंडात शब्द होता. तो बोलायचास. मला राग आलाय तुझा. फार राग आलाय."

"येऊ दे," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि ते थांबवण्याइतकंही त्राण नव्हतं.

त्या उठल्या. मी पँट दुमडली, बूट गळ्यात अडकवले, एका हाताने दोर आणि दुसऱ्याने त्यांचा हात धरला. खिशात कागद होते, त्यावर पूल हा शब्द सतरा वेळा लिहिलेला होता. मधल्या मोठ्या दगडापाशी माझा फोन वाजला. पलीकडे चढल्यावर बघितला. पिनॉकचा निरोप होता. 'मास्तर, झालं गेलं विसरा. मंगळवारी लांब जाऊ नका. तुम्ही सोळावे आहात.'

"कोण?" मिस आयसिल्डांनी विचारलं.

"मंगळवारी बोलावलंय."

"काय करायला?"

"बसायला."

त्यांनी हॅट डोक्यावर घातली, पिन लावली आणि वर घराच्या वाटेकडे वळल्या. "मग जा, बस. वर्षभर बस. पण पुढच्या पाळीला आमची नावं घेऊ नकोस. आधी पूल म्हण. नंतर नॅटोया म्हण. मोजली नव्हतीस, तेही म्हण. मी असेन नसेन, माझ्याकडे बघत थांबू नकोस."

मी हो म्हणालो. काठावर मास अल्फी थांबले होते, माझ्याकडे न बघता ते मोठ्याने म्हणाले, "तेवीस झाले रे, चला." मी तरी एकदा मोजून घेतले.